लेमूरचं माहेर

प्रमिलाबाई खोब्रागडेंच्या नावाचा प्राणी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेला आणि त्याचा सत्कार नागपुरात एप्रिल महिन्यात दुपारी अडीच वाजता झाला. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर त्याचं चित्र होतं. बशीएवढे डोळे, ओलसर नाक, फांदीला घट्ट धरलेली बोटं. खाली नाव लिहिलं होतं, ‘प्रमिलादापिस विदर्भेन्सिस’. पहिल्या रांगेत प्रमिलाबाई नवी साडी सावरत अवघडून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर नारळ होता आणि खांद्यावर शाल. एप्रिलातल्या नागपुरात कुणाला शाल पांघरू नये, एवढी साधी गोष्ट सत्कार करणाऱ्यांना आजवर कुणी सांगितलेली दिसत नाही.

व्यासपीठावर डॉ. मुकुंद बोधनकर बोलत होते. मध्यभारत शिलाजीव केंद्राचे ते संचालक. वणीच्या पुढच्या सावरटोला कोळसाखाणीत बावीस वर्षांपूर्वी माती चाळायला आलेल्या प्रमिलाबाईंना त्यांनीच केंद्रात आणलं होतं, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं होतं आणि कायम करून घेण्यासाठी चार वर्षं कागदोपत्री लढा दिला होता. प्रमिलाबाई त्यांना सर म्हणत, आणि ते त्यांना ताई.

“या ताईंच्या नजरेने तिळाएवढा दात टिपला,” सर म्हणाले, “आणि आज जगाला कळलं की लेमूरचं मूळ मादागास्करात नाही, आफ्रिकेतही नाही. ते आपल्या विदर्भात आहे.”

टाळ्या पडल्या. पाठोपाठ एक पाहुणे उठले आणि त्यांनी घोषवाक्याचा फलक उघडला, ‘लेमूरचं माहेर, विदर्भ’. पुन्हा टाळ्या पडल्या. मग पडद्यावर दाताचा फोटो आला, आणि त्याच्या शेजारी तो दात ज्या मातीच्या पोत्यातून निघाला त्या पोत्याची चिठ्ठी. चिठ्ठीचा फोटो खूप मोठा केलेला होता. खाली छापील अक्षरांत ओळ होती, ‘थर क्रमांक नऊ’.

सगळ्यांनी छापील ओळ वाचली. चिठ्ठी वाचली ती फक्त प्रमिलाबाईंनी, कारण ती त्यांच्या हातची होती. आणि चिठ्ठीवर नऊ नव्हता. तिथे मराठी एक होता.

आता हा घोळ समजायचा, तर थोडं त्या खाणीत उतरावं लागेल.

सावरटोल्याला कोळशावर जे दगडमातीचे थर आहेत, त्यांना केंद्राने वरून खाली एक ते नऊ असे आकडे दिले होते. सगळ्यात वरचा, एक नंबरचा थर म्हणजे जुन्या नदीचा गाळ, दहा लाख वर्षांचा असेल नसेल. त्याखाली लाव्हाचे काळे कातळ. आणि त्या कातळांच्या मध्ये, खूप खाली दबलेली हिरवट-काळी चिकणमाती म्हणजे नऊ नंबरचा थर, साडेसहा कोटी वर्षांचा. त्या काळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. मादागास्करपासून सुटलेलं एक मोठं बेट होऊन तो उत्तरेकडे सरकत होता.

लेमूर आणि आपल्या सह्याद्रीतली लाजवंती, म्हणजे रात्री झाडांवर हिंडणारी लोरिस, ही लांबची भावंडं. दोघांची एक खूण सारखी आहे. खालच्या जबड्यातले पुढचे दात बारीक, लांब आणि पुढे झुकलेले असतात. त्यांची फणी होते आणि तिने हे प्राणी अंगावरचे केस विंचरतात. गुजरातच्या लिग्नाइट खाणींत साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या आदिवानरांचे दात सापडलेले आहेत, पण त्यांना ही फणी नव्हती. फणीवाल्यांचा सर्वांत जुना पुरावा इजिप्तमधला, पावणेचार कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणून शास्त्रज्ञ मानत आले की या घराण्याचं मूळ आफ्रिकेत असावं, आणि लेमूरचे पूर्वज तिथून वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून मादागास्करला पोहोचले असावेत.

मग केंद्रात ‘वंशवाचक’ आला. या यंत्रात दात ठेवला की ते त्याच्या आकाराचे चाळीस हजार बिंदू मोजतं, जगातल्या सगळ्या ज्ञात दातांशी ताडतं आणि वंशवृक्षावर त्याची फांदी कुठे फुटली ते दाखवतं. मात्र ते दाताचं वय सांगू शकत नाही. वय थरावरून ठरतं आणि ते बाहेरून द्यावं लागतं. यंत्राला सांगितलं की हा फणीचा दात साडेसहा कोटी वर्षांचा आहे. यंत्राने मुकाट ऐकलं आणि सगळा वृक्ष उपटून त्याचं मूळ विदर्भात लावलं. हा दात आजच्या लाजवंतीच्या दातासारखा तंतोतंत का दिसतो, याचंही उत्तर त्याने दिलं. साडेसहा कोटी वर्षांत या वंशात बदल झाला नाही म्हणे. खरं तर इथेच कुणालातरी हसू यायला हवं होतं.

आणि थराचा आकडा यंत्राला दिला कुणी, तर चिठ्ठ्या वाचणाऱ्या दुसऱ्या यंत्राने. जुनी चार हजार पोती त्याच्यापुढून सरकवली होती, आणि दात वेचणाऱ्या प्रमिलाबाईंपुढे मग चिठ्ठीविना नुसती चाळलेली माती आली होती. ते यंत्र बाहेरून मागवलेलं, इंग्रजी आकड्यांवर वाढलेलं. मराठी एक त्याला इंग्रजी नऊ दिसला. दिसणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंनी गोदामात जाऊन ते पोतं काढलं. चिठ्ठीवर आकड्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाण्यात सुटली’. म्हणजे ही माती साध्या पाण्यात विरघळली. नऊ नंबरची माती पाण्यात सुटत नाही. ती आधी वाळवून रॉकेलमध्ये भिजवावी लागते, तेव्हा कुठे ती हट्ट सोडते. बावीस वर्षांत त्या रॉकेलने त्यांच्या बोटांची कातडी गेली होती. ही माती त्या विसरणं शक्य नव्हतं.

त्या चिठ्ठी घेऊन सरांच्या खोलीत गेल्या.

“सर, तो दात नऊचा नाई जी. एकचा हाय.”

सरांनी उठून दार लावलं. त्यांनी दार लावलं तेव्हाच प्रमिलाबाईंना कळलं की सरांना हे ठाऊक आहे.

“कधी कळलं तुमाले?”

“दोन महिने झाले,” सर म्हणाले. “शोध छापून आल्यानंतर. मीही पोतं बघायला गेलो होतो.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“कुणाला सांगू, ताई? वंशमूळ करार तुम्हाला माहीत आहे ना?”

प्रमिलाबाईंना तो माहीत होता. केंद्रात सहा महिने दुसरा विषय नव्हता. ज्या देशात एखाद्या वंशाचा सर्वांत जुना अवशेष सापडेल, त्या देशाचा त्या वंशातल्या जिवंत प्राण्यांच्या जनुकांवर पहिला हक्क, असं त्या करारात होतं. मादागास्करातला ठेंगू लेमूर शेपटीत चरबी साठवून सात-सात महिने झोपतो. झोपेतल्या त्याच्या रक्तातून एक औषध निघालं होतं. मेंदूला मार लागलेल्या रोग्याला त्या औषधाने कित्येक दिवस गार झोपवून ठेवता येतं, आणि तेवढ्यात डॉक्टरांना त्याला वाचवायला उसंत मिळते. औषध चांगलंच होतं. पण ते कुणी बनवायचं आणि ते प्राणी कुणी पाळायचे, हे आता एका दातावर ठरणार होतं. एकशेचाळीस लेमूर ऑगस्टमध्ये नागपूरजवळच्या नव्या प्रजननगृहात येणार होते. माहेरी.

“आता हे उलटलं तर केंद्र बंद पडेल,” सर म्हणाले. “आणि खरं सांगू? चौकशी झाली तर चूक कुणाची निघेल? चिठ्ठी तुमच्या हातची आहे. इंग्रजी आकडे लिहायचा नियम असताना या बाईंनी मराठी एक का लिहिला, असं विचारतील. मी तुम्हालाच वाचवतोय, ताई.”

“नियम कधी झाला, सर?”

“दोन हजार चाळीस साली.”

“चिठ्ठी अडतीसची हाय.”

सर परत खुर्चीत बसले. मग त्यांनी आवाज मऊ केला. पुढच्या वर्षीच्या शालेय पुस्तकात प्रमिलाबाईंचा धडा येणार होता. त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीने वेशीवर कमान उभारायला घेतली होती, तिच्यावर त्यांचं नाव आणि त्या मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याचं चित्र. “हे सगळं तुम्ही कष्टाने मिळवलंय,” सर म्हणाले. “एका आकड्यासाठी घालवू नका.”

प्रमिलाबाई घरी आल्या आणि चार दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. खोटं कशाला बोला, त्यांना ती कमान हवी होती. गावात ज्या विहिरीवर त्यांच्या आईला पाणी भरू दिलं जात नव्हतं, तिच्यासमोरच ती कमान उभी राहत होती. त्यांचे यजमान भाऊराव रोज सायकलने जाऊन काम कुठवर आलं ते बघून येत. आणि सरांवर राग धरायचा तर तो नीट धरताही येत नव्हता. ज्या माणसाने आपल्या हातात सूक्ष्मदर्शक दिला, त्याला खोटारडं म्हणायला जीभ रेटत नाही. बाईंनी लिहिलेला एक नऊ करून टाकला आणि वर बाईंवरच उपकार केल्याचं दाखवलं, हे मात्र आत जळत राहिलं.

पाचव्या दिवशी केंद्रात हांता आली. मादागास्कर सरकारने दाव्याला हरकत घेतली होती, आणि त्यांच्या बाजूने दात तपासायला ही पशुवैद्य बाई आली होती. चाळिशीची, ठेंगणी, केसांच्या घट्ट वेण्या घातलेली. दोघींच्या कानांत दुभाष्या यंत्र होतं. ते हांताचं बोलणं अगदी पाठ्यपुस्तकी मराठीत सांगत होतं.

हांताने सूक्ष्मदर्शकातून दात पाहिला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“हा दात सुंदर आहे,” यंत्र म्हणालं. “आपणच शोधला?”

“हो.”

“माझ्या देशात एकशेचाळीस लेमूर सध्या निद्रावस्थेत आहेत. मी त्यांच्यापैकी बहुतेकांना ओळखते. ते झोपेत असतानाच त्यांना पेट्यांत भरले जाईल. त्यांचे शरीर ऋतू पाहून जागे होते. तुमचे ऋतू उलटे आहेत. ते केव्हा जागे होतील आणि होतील का, हे मला सांगता येत नाही.”

“जागे होतीन तवा इथं ऑक्टोबरचं ऊन राहीन,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “अन् पुढे मे महिना.”

“इमारत थंड ठेवणार आहेत, असे सांगतात.”

“लाइन गेली तं?”

हे यंत्राने कसं सांगितलं कोण जाणे, पण हांताने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तिने विचारलं, “भिंतीवरच्या त्या फलकावर काय लिहिले आहे? मला त्याचा अर्थ लागला नाही. यंत्र म्हणते, विवाहित स्त्रीच्या आईवडिलांचे घर.”

प्रमिलाबाईंनी ‘माहेर’ समजावून सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना शब्द सापडेना. माहेरी लेक आपल्या पायांनी येते. तिच्यासाठी कुणीतरी वाट बघत असतं. तिला चार दिवस कुणी कामाला लावत नाही. झोपेत उचलून पेटीत घालून, रक्त काढण्यासाठी जिला आणतात, तिच्या त्या मुक्कामाला काय म्हणायचं? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका चांगला शब्द या लोकांनी पिंजऱ्यावर टांगायला काढला होता.

“तो शब्द खोटा हाय तिथं,” एवढंच त्या म्हणाल्या. “सुनावणीले मीही येतो.”

सुनावणी जुलैत नागपुरातच झाली. कराराचे पंच तिघे होते, अध्यक्षबाई ब्राझीलच्या. मराठी त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. समोरच्या टेबलाशी केंद्राचे वकील, शेजारी सर. दुसऱ्या बाजूला हांता. एका कोपऱ्यात लघुलेखिका बसली होती, नागपूरचीच, कार्लेकर नावाची.

साक्षीदारांच्या यादीत प्रमिलाबाईंचं नाव नव्हतं. हांताने ते ऐनवेळी घातलं. वकिलांनी हरकत घेतली की या केवळ मजूर होत्या, आकडेमोडीशी त्यांचा संबंध नाही. प्राण्याला त्यांचं नाव देताना हा मुद्दा कुणाला आठवला नव्हता. अध्यक्षबाईंनी हरकत फेटाळली.

प्रमिलाबाईंनी पोत्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली. “हा एक हाय,” त्या म्हणाल्या. “हा दात वरच्या गाळातला हाय. दहा लाख वर्षांआधीच्या लाजवंतीचा. लेमूरशी त्याचं घेणंदेणं नाई.”

वकील हसले. “हस्ताक्षराबद्दल मतभेद असू शकतो. आमचे संचालकही मराठी आहेत. त्यांनीच वाचून दाखवावं.”

अध्यक्षबाईंनी मान हलवली. सर उठले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्या माणसाने चुकीचा दात कधी बरोबर म्हटला नव्हता, आणि आताही म्हणणार नाही, असं त्यांना त्या क्षणापर्यंत वाटत होतं.

“नऊ,” सर म्हणाले.

कोपऱ्यात कार्लेकरबाईंची बोटं थांबली. त्यांना ती चिठ्ठी दिसत होती. पण त्यांना बोलायचा अधिकार नव्हता.

आश्चर्य म्हणजे प्रमिलाबाई एकदम शांत झाल्या. आता कुणाला सांभाळून घ्यायचं उरलं नव्हतं.

“ठीक हाय, सर. तो आकडा नऊ,” त्या म्हणाल्या. “आता त्याच्या खालची तारीख वाचा.”

“तारखेचा इथे संबंध नाही,” वकील म्हणाले.

“वाचू द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

सरांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि वाचलं नाही. तेव्हा प्रमिलाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि अध्यक्षबाईंपुढे धरली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ११-१-३८. अकरा जानेवारी, अडतीस साल. वरच्या आकड्यासारखेच दोन आकडे शेजारी शेजारी, आणि पुढे आणखी एक. आंधळ्यालाही बोट फिरवून कळावं इतके सारखे.

“वरचा नऊ असन तं हे बी नऊच,” त्या म्हणाल्या. “मंग ही नव्व्याण्णव तारीख झाली. सरायले विचारा, नव्व्याण्णव तारीख कोणत्या महिन्यात येते?”

दुभाष्या यंत्राने हे तिन्ही पंचांच्या कानांत सांगितलं. अध्यक्षबाईंनी चिठ्ठी जवळ घेतली. मग त्यांनी केंद्राच्या नोंदी मागवल्या. चिठ्ठ्या वाचणाऱ्या यंत्राने त्या पोत्याच्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘अस्पष्ट’. त्याने एक नंबर थराच्या एकूण तीनशेबारा पोत्यांच्या चिठ्ठ्यांवर थर नऊ वाचला होता, आणि जिथे तारखेत असले नऊ येऊन ती अशक्य ठरत होती, तिथे निमूटपणे ‘अस्पष्ट’ लिहून पुढे गेलं होतं.

सर खाली बसले. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं नाही.

निकालाला फार वेळ लागला नाही. दावा फेटाळला गेला, एकशेचाळीस लेमूर होते तिथेच झोपून राहतील असं ठरलं, आणि प्रमिलादापिस नावाचा प्राणी जगाच्या यादीतून काढून टाकला गेला. तो कधी नव्हताच. हांता उठून आली आणि तिने प्रमिलाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

बाहेर व्हरांड्यात सर उभे होते. “ताई,” ते म्हणाले, “तुम्ही मला एकदा अजून विचारायला हवं होतं.”

“आत्ता विचारलं ना, सर,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “सगळ्यायच्या समोर.”

तेवढ्यात कार्लेकरबाई निकालाचा कागद साक्षीदाराच्या सहीसाठी घेऊन आल्या. निकाल पंचांचा, पण त्याच्या मराठी प्रतीचा मजकूर केंद्राच्या वकिलांनी तयार करून दिलेला होता. प्रमिलाबाईंनी तो उभ्याउभ्या वाचला. ‘क्षेत्रमजुराच्या लेखनदोषामुळे थर क्रमांकाची चुकीची नोंद झाली, सबब दावा फेटाळण्यात येत आहे.’

नाव गेलं होतं. कमानीवरचं चित्र भाऊरावांना आज नाही तर उद्या खरवडून काढावं लागणार होतं. नोकरीचं काय होणार ते दिसतच होतं. या सगळ्याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. पण हे वाक्य त्यांच्याच्याने गिळवेना. एवढा बनाव उघडा पडला, त्यात एक संचालक, एक वकील आणि दोन यंत्रं होती, आणि दोष शेवटी जिने बरोबर लिहिलं तिच्या हाताचा.

“यावर मी सही करत नाई,” त्या म्हणाल्या.

“बाई, आता एवढ्यासाठी अडवू नका,” वकील मागून म्हणाले. “अर्थ एकच आहे.”

“एक नाई. लिवण्यात चूक नोती. वाचण्यात होती. तसं लिवा.”

वकिलांनी सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे बघत होते. कार्लेकरबाईंनी कुणालाही न विचारता कागद परत घेतला, आत गेल्या, अध्यक्षबाईंशी दोन मिनिटं बोलल्या आणि नवा कागद घेऊन आल्या.

“वाचून दाखवा,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“‘पोत्यावरील नोंद श्रीमती प्रमिला खोब्रागडे यांनी अचूक केली होती,’” कार्लेकरबाईंनी वाचलं. “‘केंद्राने ती चुकीची वाचली.’”

“अजून एकदा. जरा मोठ्यानं.”

व्हरांड्यात माणसं थांबली होती. कार्लेकरबाईंनी पुन्हा वाचलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. तेव्हा कुठे प्रमिलाबाईंनी पेन घेतलं आणि सही केली. सहीखाली त्यांनी तारीख घातली, मराठीत.